देवाच्या नावावर उधारी

“देव बघतोय सगळं. त्याच्यावर सोपव.”

हे वाक्य कुणाला सांगितलं जातं, याकडे एकदा नीट लक्ष द्या. पगार ज्याचा थकलाय त्याला सांगतात. ज्याने थकवलाय त्याला कुणी सांगत नाही. हक्कसोड पत्रावर जिची सही घेतली त्या बहिणीला सांगतात, सही घेणाऱ्या भावाला नाही. सासरी जिचे दागिने काढून घेतले तिला माहेरची माणसं सांगतात आणि चहा पिऊन परत जातात. देव सगळं बघतोय हे खरं असेल, तर ते ऐकून पहिला घाम कुणाला फुटायला हवा? पण त्या माणसाच्या दारात जाऊन “बाबा रे, देव बघतोय” म्हणायची कुणाची हिंमत नसते. म्हणून मग ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच देव दाखवायचा.

आधीच सांगते, मी देव मानते. एकादशी धरते, लॅपटॉपच्या मागे विठ्ठलाचा स्टिकर आहे, आणि तो फॅशन म्हणून लावलेला नाही. अंघोळ झाल्यावर दोन मिनिटं हात जोडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. तेव्हा हे भांडण घरातलं आहे. ‘श्रद्धा म्हणजे अफू’ एवढंच ऐकायला आला असाल तर निराशा होईल.

पुण्यातल्या एका कंपनीत मी चार वर्षं बॅकएंडचं काम करत होते. कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रकरण अजून चालू आहे. गेल्या वर्षी पगार आधी दहा दिवस लांबला, मग महिनाभर, मग तीन महिने. रात्री अडीचला सर्व्हर पडला की फोन मात्र वेळेवर यायचा. दर महिन्याला टाउनहॉल व्हायचा आणि त्यात संस्थापक साहेब हात जोडून सांगायचे, “फंडिंग येतंय. विश्वास ठेवा. ईश्वर कुणाला उपाशी ठेवत नाही.” रिसेप्शनला चार फुटी गणपती, वर्धापनदिनाला सत्यनारायण, प्रसादाचा शिरा साजूक तुपातला. त्या शिऱ्याचं बिल थकलं होतं का, मला माहीत नाही.

मग एका शुक्रवारी एक्केचाळीस जणांना मीटिंगचं निमंत्रण आलं. प्रत्येकाला दहा मिनिटं. समोर दोन कागद. एक राजीनामा, आपणहून दिलेला असा. दुसरा ‘कंपनीकडून माझं काहीही येणं बाकी नाही’ असा. दोन्हीवर सही केली की रिलीव्हिंग लेटर लगेच. नाही केली तर ‘प्रोसेसला वेळ लागेल’. आयटीत असाल तर या वाक्याचा अर्थ सांगायला नको. रिलीव्हिंग लेटर नसलं की पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अडकतं, आणि ते अडकलं की हातातली ऑफर जाते. तीन महिन्यांचा पगार बुडवायचा आणि त्या बुडवण्याची पावती आमच्याच सहीने घ्यायची, असा तो बेत होता.

आणि कागद सरकवताना एचआरच्या ताई अगदी मऊ आवाजात काय म्हणाल्या? “जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. देव एक दार बंद करतो तेव्हा दुसरं उघडतो.”

माझं म्हणणं असं आहे की हे दार देवाने बंद केलं नव्हतं. ते कुणी बंद केलं याचं नाव, पद आणि ईमेल पत्ता माझ्याकडे आहे. माणसाने केलेलं काम देवाच्या खात्यात टाकायचं, माणसाने बुडवलेली रक्कमही देवाच्याच नावावर उधार लिहायची, आणि ज्याचे पैसे आहेत त्याला सांगायचं की वसुली वरून होईल. याला मी श्रद्धा म्हणणार नाही. ही हिशेबातली लबाडी आहे.

घरी फोन केला तेव्हा आत्यानेही तेच सांगितलं, फक्त तुकोबांचा दाखला देऊन. “तुकोबांनी सगळी खतं इंद्रायणीत सोडली. तू तीन महिन्यांच्या पगारासाठी जीव काय जाळतेस?”

आत्याशी मी वाद घातला नाही. इथे घालते. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. तुकोबांच्या घरची सावकारी, महाजनकी. दुष्काळात पहिली बायको गेली, धंदा बसला. त्यानंतर त्यांनी लोकांकडच्या येण्याचे कागद इंद्रायणीत बुडवले असं परंपरा सांगते. येण्याचे, आत्या. लोक ज्यांचे देणेकरी होते त्या सावकाराने स्वतःचं येणं सोडलं. आणि आपण नेहमी गाळतो तो तपशील पुढे आहे. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला की मला माझा संसार आहे, तेव्हा तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. अर्धे कान्होबाला दिले, आणि स्वतःच्या वाट्याचे तेवढे नदीत सोडले. देवावर एवढा भरवसा असलेल्या माणसानेही भावाच्या हक्काचा एक कागद भिजू दिला नाही. ‘देव देईल’ हे त्याने स्वतःपुरतं ठरवलं, दुसऱ्याच्या वतीने नाही.

आमच्या साहेबांनीही कागद बुडवले. फक्त ते त्यांच्या देण्याचे होते.

मी मूळची मंगळवेढ्याची. ज्वारीचं गाव, आणि त्याहून जास्त दामाजीपंतांचं. तिथे दामाजींचं मंदिर आहे, त्यांच्या नावाचा साखर कारखाना आहे, कॉलेज आहे. पंढरपूर पंचवीसेक किलोमीटरवर. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत कीर्तनाला बसलं की ही गोष्ट हमखास व्हायची. बहामनी राजवट, मोठा दुष्काळ, माणसं रस्त्यावर मरतायत. दामाजीपंत बादशहाच्या कोठाराचे अधिकारी. त्यांनी सरकारी धान्याची कोठारं उघडली आणि लोकांना वाटून टाकली. बिदरला बातमी गेली, पकडून आणायला स्वार निघाले. दामाजी वाटेत असतानाच पांडुरंग विठू महार होऊन बिदरच्या दरबारात गेला आणि धान्याची सगळी किंमत मोजून आला.

देव पुरवतो, याचा महाराष्ट्रातला सर्वात लाडका पुरावा हाच. मलाही ही गोष्ट प्रिय आहे. कीर्तनात विठू महार थैली रिकामी करतो आणि मोहरा संपतच नाहीत, तिथे अजूनही अंगावर काटा येतो. पण ती नीट ऐका. भुकेल्या लोकांना दामाजींनी “पांडुरंगावर सोपवा” असं सांगितलं नाही. किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या, त्यांनी कुलूप काढलं. नोकरी आणि मान, दोन्ही पणाला लावून काढलं. त्यांचा देवावरचा विश्वास त्या कुलूप काढण्यात होता. देव धावून आला तो नंतर, आणि ज्याने स्वतः जोखीम घेतली त्याच्यासाठी आला.

आणखी एक. गोष्टीत देव पैसे भरून तसाच परत येत नाही. बादशहाकडून शिक्क्याची पावती घेतो, आणि ती दामाजींच्या पोथीत सापडते. लहानपणी मला तो चमत्कार वाटायचा. आता वाटतं, गोष्ट रचणाऱ्याला सरकारी कारभार चांगला माहीत होता. साक्षात पांडुरंगसुद्धा सत्तेशी व्यवहार करताना तोंडी भरवशावर राहिला नाही. आणि तुम्ही मला सांगता की ‘साहेब म्हणालेत ना देतो, मेलवर कशाला मागतेस, नाती बिघडतात’.

आता त्याच मंगळवेढ्यातली दुसरी गोष्ट. ही कीर्तनात होते, पण पटकन होते.

चोखोबा. पांडुरंगाचा त्यांच्याइतका जवळचा भक्त शोधून सापडणार नाही, आणि जातीमुळे मंदिराची पायरी त्यांना कधी चढू दिली नाही. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या बांधकामावर त्यांना लावलं होतं. ती भिंत कोसळली आणि बाकीच्या मजुरांबरोबर चोखोबा तिच्याखाली गेले. गावकूस म्हणजे काय हे आता शहरात वाढलेल्यांना सांगावं लागेल. गावाला संरक्षण देणारी भिंत. ज्या माणसाचं घर त्या भिंतीच्या बाहेर असायचं, तो ती बांधताना मेला.

तिथे विठू धावून आला नाही. मोहरांची थैली नाही, पावती नाही, भिंत धरायला हात नाहीत. नंतर नामदेव आले, त्यांनी ढिगाऱ्यातून अस्थी शोधल्या, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या म्हणून ओळखल्या, आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली. आख्यायिका सुंदर आहे. पण तिच्यात माणूस मेलेला आहे.

देवाच्या पुरवण्यावर बोलताना दामाजींची गोष्ट सांगायची आणि चोखोबांची गिळायची, हा अप्रामाणिकपणा आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय. देव तोच आहे आणि गावही तेच. एकाचं कर्ज फिटलं, दुसऱ्याच्या डोक्यावर भिंत पडली. मग चोखोबांची श्रद्धा कमी पडली का? असं म्हणायची कुणाची छाती आहे? मग पगार बुडालेल्या, घर गेलेल्या, केस हरलेल्या माणसाला “तुझा विश्वास कमी पडला” हे आपण इतक्या सहज कसं म्हणतो?

उलट चोखोबांच्या घरात देवाला जाब विचारायची रीत होती. त्यांच्या अभंगांत कळवळा आहे, तसा थेट प्रश्नही आहे. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर बापापेक्षा कडक. आम्हाला या जातीत घालून तुला काय मिळालं, अशा सुरात तो विठ्ठलाला सुनावतो. वारकरी परंपरेने ते अभंग फेकून दिले नाहीत, जपले. जनाबाईने विठ्ठलाला दिलेल्या शिव्याही जपल्या. म्हणजे आपल्याकडे भक्ताने भांडणं हे भक्तीतच बसतं. गप्प राहणारा भक्त हा आदर्श नेमका कुणाला सोयीचा होता, याचा विचार करा.

माझा एक मित्र आहे, पक्का नास्तिक. मी हे सगळं बोलले की तो एकच वाक्य टाकतो, “बाबासाहेब वाच.” वाचलंय. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’वर गांधीजींनी टीका केली, तिला १९३६ साली दिलेल्या उत्तरात बाबासाहेब संतांबद्दल अजिबात गुळमुळीत बोलत नाहीत. संतांनी जातीविरुद्ध मोहीम काढली नाही, त्यांना माणसामाणसातल्या नात्यापेक्षा माणूस आणि देव यांच्या नात्याची चिंता जास्त होती, असा त्यांचा आक्षेप. मला त्यावर उत्तर नाही, आणि द्यायचंही नाही, कारण तो बरोबर आहे. देवापुढे सगळे सारखे, असं सहाशे वर्षं म्हणत मंदिराचं दार बंद ठेवता येतं, हे पंढरपूरने दाखवून दिलंय. पण १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या पुस्तकाची अर्पणपत्रिका काढून बघ, असं मी मित्राला सांगते. नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला ते अर्पण आहे. भक्तीच्या मर्यादा इतक्या स्पष्ट दिसणाऱ्या माणसाला चोखोबा नकोसे झाले नव्हते.

आणि ते दार शेवटी कसं उघडलं? साने गुरुजींनी आधी कित्येक महिने महाराष्ट्र पालथा घातला, सभा घेतल्या. मग १ मे १९४७ ला पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, आणि १० मे ला, बडवे मंडळी कबूल झाल्यावर उठले. १३३८ पासून मोजलं तर सहाशे नऊ वर्षं. गुरुजींइतका देवभोळा माणूस विरळा. “पांडुरंगच एक दिवस दार उघडेल” असं म्हणून ते अंमळनेरला बसून राहिले असते तर त्यांना कुणी नास्तिक म्हटलं नसतं, उलट सज्जन म्हटलं असतं. देवाचं दार उघडायचं तर ज्यांनी ते लावून घेतलंय त्यांच्याशी भांडावं लागतं, हे त्यांना कळलं होतं.

एवढं सगळं म्हटल्यावर मित्राचा पुढचा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. भांडायचं तुम्हीच, कागद जपायचे तुम्हीच, उपोषण तुमचं, वकिलाची फी तुमची. मग मधे देव कशाला?

त्या दहा मिनिटांच्या मीटिंगबद्दल सांगते. कागद समोर होता, पेन टोपण काढून ठेवलेलं होतं. माझं भाडं दोन महिने थकलं होतं, खात्यात अकरा हजार होते. खरी भीती पैशांची नव्हती. पुढे आपलं काय होईल, ही होती. सगळा डाव त्या एका भीतीवर उभा असतो. कंपनीकडे कायद्याचा आधार नसतो. नोकरी संपली की दोन कामकाजाच्या दिवसांत सगळा पगार चुकता करायचा, असं २०१९ ची वेतन संहिता सांगते. ‘काहीही येणं बाकी नाही’ या कागदाची गरज त्यांना म्हणूनच असते. तुम्ही उपाशी मराल असं तुम्हाला वाटलं, तरच तुम्ही त्यावर सही करता.

मला त्या क्षणी असं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफर येईल असा काही संकेत मिळाला नव्हता, डोळ्यांपुढे सावळी मूर्तीही आली नाही. फक्त एवढं पक्कं होतं की माझं अन्न या माणसांच्या हातात नाही. ते माझा पगार अडवू शकतात, मला पोसणारे ते नाहीत. लहानपणापासून ऐकलेलं ‘तो पुरवतो’ हे वाक्य मला तिथे उपयोगी पडलं, आणि एचआरच्या ताईंना अभिप्रेत होतं त्याच्या बरोबर उलट्या बाजूने. तो पुरवतो, मग मी तुम्हाला का घाबरू? मी पेनाला टोपण लावलं आणि मेलवर कळवते म्हणाले.

हे मी मानसशास्त्रानेही समजावू शकते, मित्र तसं करतोच. करू दे. मला जिथून बळ आलं ते मी सांगितलं.

माझ्या श्रद्धेची ही फुशारकी वाटत असेल तर एक्केचाळिसांपैकी बाकीच्यांचं ऐका. सही न करणारे आम्ही नऊ जण होतो. बत्तीस जणांनी सही केली. माझ्या शेजारच्या डेस्कवरचा दादा त्यांत होता. दर आषाढीला दोन मुक्काम तरी वारीत चालणारा, माझ्यापेक्षा कितीतरी खरा माळकरी. त्याच्या वडिलांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. त्याला रिलीव्हिंग लेटर त्याच दिवशी हवं होतं, कारण नव्या कंपनीचा आरोग्य विमा रुजू झालेल्या दिवसापासून लागू होणार होता. त्याने सही केली, आणि बाहेर येऊन माझ्याकडे बघितलं नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं जो म्हणेल त्याच्याशी मी बोलणं बंद करीन. माझ्या डोक्यावर भिंत नव्हती, त्याच्या होती, एवढाच फरक.

म्हणूनच हे ‘धीर धर’वाले मला इतके चीड आणतात. त्यांचा सल्ला फुकट असतो आणि त्याची किंमत नेहमी अशा दादासारख्या माणसाला पडते. देवावर विश्वास आहे ना तुमचा? मग तुमच्या ओळखीचा जो मालक पगार थकवून बसलाय, त्याच्याकडे जा. तुमच्या सोसायटीत कामवाल्या मावशींचे चार दिवस कोण कापतं, तुम्हाला माहीत आहे. लग्नाच्या पंगतीत तुमच्या शेजारी बसलेल्या, बहिणीचा वाटा गिळलेल्या काकांशी बोला. त्यांना सांगा की देव बघतोय. आवाज तसाच मऊ ठेवा. शिवी खावी लागेल, कदाचित नातं तुटेल, कंत्राट जाईल. दामाजींनी यापेक्षा जास्त पणाला लावलं होतं. ते जमत नसेल तर ज्याच्यावर अन्याय झालाय त्याच्याजवळ नुसतं बसा, त्याच्या घरात किराणा भरा, अर्ज टाइप करून द्या. प्रवचन तेवढं नको.

आम्ही नऊ जणांनी मिळून नोटीस पाठवली, कामगार उपायुक्तांकडे अर्ज केला. पहिल्या तारखेला कंपनीकडून कुणी आलं नाही. दुसरीला वकील आला. तिसरीच्या आधी माझ्या खात्यात दोन महिन्यांचा पगार जमा झाला, कसलंही स्पष्टीकरण न देता. तिसरा महिना अजून बाकी आहे, आणि नऊपैकी दोघांना एक रुपयाही मिळालेला नाही. आई रोज संध्याकाळी फोनवर विचारते, “आला का गं?” आणि नाही म्हटलं की म्हणते, “मग पुढची तारीख कधी?” सोपव असं तिने एकदाही म्हटलेलं नाही, आणि आमच्या घरात रोज हरिपाठ म्हणणारी ती एकटीच.

तारीख १४ ला आहे. कंपनीचा वकील म्हणतोय की सगळ्यांनी राजीखुशीने राजीनामे दिले, कुणावर दबाव नव्हता. गेल्या आठवड्यात दादाचा मेसेज आला. त्या शुक्रवारी केबिनमध्ये काय बोलणं झालं ते तो लेखी द्यायला तयार आहे. नव्या कंपनीत त्याचा प्रोबेशन काळ चालू आहे. त्याने त्या दिवसाची रजा टाकली आहे.